‘एका नारळाची सोय’ म्हणजे किती?

गेल्या अंकात मी आमच्या गोव्यातल्या घरच्या पाककृतींच्या पुस्तकाबद्दल लिहिलं होतं. माझ्या सासूबाई, त्यांच्या दोन जावा आणि एक आत्या यांच्या वह्या आम्ही सुनांनी मिळून उतरवल्या आणि घरच्यांपुरत्या छापून घेतल्या, एवढीच त्या पुस्तकाची हकिकत. त्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ पत्रं आली. बऱ्याच घरांत असं एखादं पुस्तक नाहीतर वही आहे, आणि अडचणही बहुतेकांची एकच. वाचताना तोंडाला पाणी सुटतं, पण त्यावरून रांधायला घेतलं की हात अडतो. माझं सांगणं गेल्या वेळचंच आहे: पदार्थ निदान एकदा तरी पुस्तकात आहे तसा करा, मग बदला. पण ‘आहे तसा’ म्हणजे कसा, ते पुस्तकात नसतं. आजची उत्तरं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : माई, मी मूळची नागपूरची. लग्न होऊन म्हापशाला आले त्याला दीड वर्ष झालं. सासूबाई आता नाहीत, पण सासरच्यांचं जुन्या पदार्थांचं पुस्तक आहे आणि मला त्यातूनच शिकायचं आहे. त्यात ‘एका नारळाची सोय’, ‘थोडी तिरफळां’, ‘लागेल तसं आंबट’ असंच सगळं लिहिलेलं. सोय म्हणजे व्यवस्था असं समजून मी पहिल्या दिवशी नारळ तेवढा आणून ठेवला, पुढचं काही कळेना. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातलं माशाचं कालवण, तीनदा केलं. एकदा फुटलं, एकदा कडू झालं, एकदा नुसतं पाणी. माझं कुठे चुकतं? (सूनबाई, म्हापसा)

उत्तर : बाय, तू तीनदा केलंस हे वाचून मला फार बरं वाटलं. चौथ्यांदा होईल.

आधी शब्द. सोय म्हणजे खवलेला नारळ, तुमच्याकडे ज्याला नारळाचा चव म्हणतात तो. तीच सोय गुळात शिजवली की ती ‘चून’ होते. पुस्तकात चून दिसलं तर पान पातोळ्यांचं नाहीतर नेवऱ्यांचं आहे असं समज. नारळ लहानमोठे असतात, म्हणून मी एकदा आमच्या परसातल्या मध्यम नारळाची सोय वाटीनं मोजली. अडीच वाट्या भरली. तेव्हापासून पुस्तकात ‘एक नारळ’ आला की मी अडीच वाट्या धरते. बाजारातला लहान नारळ असेल तर दीड घेते. तूही एकदा मोजून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पुस्तक खराब होईल म्हणून घाबरू नकोस. ही पुस्तकं लिहिण्यासाठीच असतात.

आता हुमण. चार बांगड्यांना दीड वाटी सोय, आठ-दहा सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि बोराएवढी चिंच. पुस्तकात लिहिलेलं असेल ‘बारीक वाटावे’. ज्या बाईनं ते लिहिलं ती रगड्यावर वाटत होती. रगड्यावर वाटण गंधासारखं उतरतं, म्हणजे चिमटीत धरून चोळलं तर बोटाला खर लागत नाही. मिक्सरला आपण घाई करतो. वाटण जाडं राहिलं की हुमणात खोबरं खाली आणि पाणी वर राहतं, तेच तुझं ‘फुटलेलं’ हुमण. मिक्सर थांबून थांबून फिरव, पाणी थंड घे, एका वेळी दोन चमच्यांपेक्षा जास्त घालू नकोस. भांडं तापलं की खोबऱ्याचं तेल सुटायला लागतं, म्हणून मध्ये दोन मिनिटं थांब. आणि मिक्सर धुतलेलं पाणी एकदम ओतू नकोस. आपण ते भांडं भरभरून धुतो आणि सगळं हुमणात घालतो, तुझं तिसरं हुमण तिथेच पातळ झालं असणार. अर्ध्या वाटीत धू. कमी वाटलं तर नंतर वाढवता येतं.

वाटण पाण्याबरोबर आधी उकळून घे. मग बांगड्याचे तुकडे, तिरफळां आणि चार-पाच सोलां, म्हणजे तुमची आमसुलं. सहा-सात मिनिटं, आच मध्यम. डाव घालून ढवळू नकोस, बांगडा मोडतो. भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलव. उतरवल्यावर चमचाभर खोबरेल वरून कच्चंच. जेवायला एक वाजता बसणार असाल तर हुमण साडेअकराला तयार ठेव. आंबट आणि तिरफळाचा वास माशात उतरायला तेवढा वेळ लागतो, आणि हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, कारण लिहिणारीच्या घरी ते तसंच होत होतं.

कडू का झालं ते मला पत्र वाचतानाच कळलं, कारण ती चूक माझी आहे. लग्न होऊन फोंड्याला आले त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तारल्यांचं हुमण केलं आणि तिरफळां वाटणाबरोबर रगड्यात घातली, बियांसकट. ते हुमण इतकं कडवट झालं की सासऱ्यांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं. सासूबाईंनी पानातलं सगळं संपवलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुपात वर्षाची सुकी तिरफळां घेतली आणि मला जवळ बसवलं. एकेक तिरफळ नखानं उघडायचं, आतलं काळं, चकचकीत बी बाजूला काढायचं, वरची साल तेवढी ठेवायची. सगळा वास सालीत असतो. बी कडू. ती साल वाटायची नाही, पाट्यावर जरा ठेचायची आणि उकळीत सोडायची. जेवताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवतात. ते सूप संपायला दीड तास लागला, बोटं दोन दिवस बधिर होती. जिभेला मुंग्या आणतं तेच हे फळ, हाताला तरी कसं सोडेल? त्यानंतर माझ्या हातून तिरफळ कधी वाटलं गेलं नाही.

मिरचीचं एक सांगायचं राहिलं. ‘मिरच्या दहा’ एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या ते नाही, कारण त्या घरात एकच मिरची येत होती. अशी पुस्तकं फार लहानशा मुलखाची असतात. काणकोणातल्या घरचं पुस्तक असेल तर ती खोल्याची मिरची, रंगाला लालभडक, तिखटाला बेताची. पेडण्याकडचं असेल तर हरमलची, ती चांगली तिखट. दोन्हींना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे नाव सांगून मागता येतात. तुझं सासर म्हापशाचं, तेव्हा त्या घरात शुक्रवारच्या बाजारातली मिरची येत असणार. मे महिन्यात, पुरुमेंताची खरेदी चालते तेव्हा, शुक्रवारी बाजारात जा. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: मिरच्या, सोलां, चिंच, सुकी मासळी, कांद्याच्या माळा. मिरच्या विकायला बसलेल्या एखाद्या वयस्क बाईला विचार, ‘हुमणाक खंयची?’ (हुमणाला कुठली?) ती तुला पुस्तकापेक्षा नीट सांगेल. जूनची 1 तारीख ते जुलैची 31 मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत पुस्तकातलं सुक्या मासळीचं प्रकरण उघड. ते लिहिलेलंच त्या दिवसांसाठी असतं.

प्रश्न : माई, मी पुण्यात नोकरी करतो, वय 26. आईनं आजीच्या पाककृतींचं पुस्तक बरोबर दिलं आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यातलं एकेक करण्यात मला खरंच आनंद मिळतो. नागपंचमीला पातोळ्या करायच्या आहेत. हळदीची पानं मिळाली नाहीत तर केळीच्या पानात केल्या तर चालतील का? (कुडचड्याचा, सध्या पुणे)

उत्तर : पुता, चालणार नाहीत. स्पष्ट सांगते, कारण तू मनापासून विचारलं आहेस. केळीच्या पानात चून घालून वाफवलेली तांदळाची गोड घडी छान लागते, जरूर कर, पण तिला पातोळी म्हणू नकोस. पातोळीत तांदूळ, नारळ, गूळ आहेतच, तरी पातोळी होते ती पानामुळे. मोदकपात्राचं झाकण उघडताना पहिली वाफ तोंडावर येते, तिच्यात ओल्या हळदीचा, थोडा आल्यासारखा, थोडा गवतासारखा वास असतो. तो वास पिठात शिरलेला असतो. खाताना पान सोलून काढलं की पातोळीवर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसतात, बोटानं चाचपता येतात.

पण पान मिळवणं कठीण नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला ओल्या हळदीचं, डोळा फुटलेलं कुडं, म्हणजे गड्डा, एका मोठ्या कुंडीत लाव. बाल्कनीत जिथे सकाळचं ऊन येतं तिथे ठेव. दोन-तीन आठवड्यांनी कोंब येतो, आणि पाऊस लागला की मग ती थांबत नाही. श्रावणापर्यंत हातभर पानं होतात. दोन कुंड्या लावल्यास तर तुझ्यापुरती निघतील आणि शेजारी द्यायलाही उरतील. यंदा उशीर झाला असेल तर श्रावणात बाजारात चौकशी कर. मुंबईत दादरला मिळतात, पुण्यात मंडईत विचारून पाहा. आई येणार असेल तर तिला ओल्या फडक्यात गुंडाळून आणायला सांग, दोन दिवस ताजी राहतात.

कृती पुस्तकात आहेच, दोन गोष्टी तेवढ्या मी घालते. पीठ घावनासारखं सैल नको, बोटानं पानावर सारवता आलं पाहिजे. आणि सारवताना थर इतका पातळ हवा की पानाची हिरवी झाक खालून दिसेल. नवखा माणूस भीतीनं जाड थर देतो, मग पातोळी पिठूळ लागते. चून पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला पसर आणि शिरेवरच दुमड. पंधरा मिनिटांची वाफ पुरे.

आमच्या नागपंचमीच्या आगेमागे, 15 ऑगस्टच्या फेस्ताला, म्हणजे ख्रिस्ती सणाला, शेजारच्या ख्रिस्ती घरांतूनही पातोळ्या येतात. बऱ्याचदा तांबड्या उकड्या तांदळाच्या, रंगानं गडद. आमच्या गल्लीत श्रावणात दोन्ही घरच्या बायका एकाच कुंपणावरून एकमेकींच्या हळदीची पानं तोडतात. तुझ्या आजीच्या पुस्तकात ‘तांबड्या तांदळाच्याही करतात’ अशी ओळ असेल तर ती कुठून आली हे आता तुला कळेल. एकदा तशाही करून बघ.

प्रश्न : डॉक्टरांनी नारळ कमी करायला सांगितलं आहे. घरचं जुनं पुस्तक उघडलं की पानोपानी नारळच. ते आता कपाटात ठेवून द्यायचं का? (गृहिणी, मडगाव)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. पुस्तक ठेवून देऊ नका, दुसरीकडून उघडा. या पुस्तकांत चवथ (गणेशचतुर्थी), लग्न, बारसं, पाहुणे यांचं रांदप जास्त लिहिलेलं असतं. रोजचं कुणी लिहून ठेवत नाही, ते सगळ्यांना येतच होतं. रोज एवढा नारळ आमच्या आजीच्या घरातही पडत नव्हता, तिथे नारळ विकून मीठ-मिरची येत असे. तेव्हा शोधून काढा: नारळाशिवायची सोलांची फुटी कढी, कुळथाचं सार, पावसाळ्यात ताळखिळ्याची भाजी, एरवी तांबडी भाजी, वर हवी तर चिमूटभर सोय. अकराची पेज आणि तोरांची, म्हणजे मिठातल्या कैरीची, एक फोड. सणाला मात्र मूळ प्रमाणानंच करा आणि वाटीभरच खा. निम्मा नारळ घालून केलेलं तोंडाक (नारळाच्या वाटणातलं कडधान्याचं कालवण) रोज खाण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

प्रश्न : माई, माझ्या पणजीची वही सापडली आहे. हळदीचे डाग, पानं सुटलेली. ‘नवटाक गूळ’, ‘दोन शेर तांदूळ’, ‘एका तांग्याची कोथिंबीर’ अशी मापं आहेत. ती आजच्या मापात कशी आणायची? आणि वही टिकवायची कशी? लॅमिनेशन करून घेऊ का? (विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक परत सुटत नाही, आणि पानाला पुढे काही झालं तर काहीच करता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि शाईसकट कागद ओढतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे फोटो काढ, डागांची पानंसुद्धा. ज्या पानावर डाग जास्त तो पदार्थ त्या घरात जास्त होत होता. तुझ्या पणजीनं सांगायचं राहिलेलं ते पान सांगतं आहे. मग वही सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या कोरड्या पेटीत ठेव. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून दसऱ्यानंतर दरवर्षी एकदा बाहेर काढून सावलीत वारा दे. ऊन दाखवू नकोस, शाई उडते.

आता मापं. वजनाचा पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण 933 ग्रॅम. नवटाक हा शेराचा आठवा भाग, म्हणजे 117 ग्रॅमच्या आसपास. गुळाला ते लाव. तांदळाचा शेर मात्र वेगळा. धान्य तोलत नसत, मापत असत. चार शेरांची एक पायली, ती भांड्याची. हे दोन शेर एक समजले की खीर बिघडते. तुमच्या घरात पोटमाळ्यावर किंवा देवघरामागे पितळेचं नाहीतर लाकडी माप असेल, बहुतेक घरांत असतं. ते शोध, एकदा तांदळानं सपाट भर आणि वजनकाट्यावर ठेव. त्या घरातला तांदूळ त्या घरातल्या मापानंच मोजला पाहिजे.

तांग्याची कोथिंबीर वाचून मी थोडा वेळ वही मिटून बसले असते. पोर्तुगीज अमदानीत इथे रुपिया चालायचा, सोळा तांग्यांचा. म्हणजे ते पान त्या काळातलं. पुढच्या पानांवर कुठे ‘नवे पैसे’ दिसले तर ती पानं 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतरची. तारीख न घालता पणजीनं तारीख लिहून ठेवली आहे. सगळी वही या नजरेनं चाळ: कुठल्या पानापर्यंत तांगे, कुठल्या पानापासून पैसे, आणि अक्षर कुठे बदलतं. मध्येच एखाद्या दुसऱ्या बाईचं अक्षर आलं असेल, नव्या सुनेचं. कोथिंबिरीचं म्हणशील तर एक जुडी घाल आणि पुढे जा.

एक विनंती. फोटो काढून झाले की घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला समोर बसवून वही मोठ्यानं वाच आणि वाचता वाचता नव्या वहीत उतरवून घे. ‘वास सुटेपर्यंत’, ‘बोटाला चटका बसेल इतपत’ अशा जागी ते तुला थांबवतील आणि काहीतरी सांगतील. ते दुसऱ्या रंगाच्या शाईनं लिही, म्हणजे कुणाचं कुठलं ते पुढे कळेल. आम्ही आमच्या वह्या उतरवल्या तेव्हा हे केलं नाही. सगळं एकाच शाईत, एकाच हातानं सारखं करून टाकलं. आता पुस्तकात सासूबाईंचं कुठलं आणि धाकट्या जावेचं कुठलं हे मलाही ओळखता येत नाही, आणि विचारायला दोघीही नाहीत.

प्रश्न : ताई, पत्नी जाऊन आठ महिने झाले. मी कधी स्वयंपाक केला नव्हता. तिच्या माहेरच्या पाककृतींचं पुस्तक स्वयंपाकघरातच आहे, त्यावरून थोडंथोडं करायला लागलो आहे आणि दिवसातला तोच वेळ बरा जातो. पण प्रमाण सगळं आठ-दहा माणसांचं. मी एकटा. शिवाय तिनं पेन्सिलीनं कडेला काहीबाही लिहिलं आहे. मूगगाठीपाशी ‘आं. मागाहून’, तोंडाकापाशी ‘ह. अर्धी’, खतखत्यापाशी (अनेक भाज्यांचं कालवण) ‘शे. 3’. खतखत्याचं साहित्य पुस्तकातून उतरवून सोबत जोडलं आहे. या खुणांचा अर्थ सांगाल का? (सेवानिवृत्त, वास्को)

उत्तर : भाऊ, पहिल्या दोन खुणा सोप्या आहेत. ‘आं. मागाहून’ म्हणजे आंबट मागाहून. मुगाला मोड आणून, सालं काढून मूगगाठी करतात, त्यात सोलां किंवा चिंच आणि गूळ दोन्ही पडतात. मूग पुरते शिजायच्या आधी आंबट किंवा गूळ पडला की ते मग कडक राहतात, कितीही शिजवा. मूग दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत थांबायचं, त्यानंतरच आंबट. पुस्तकात ते सगळं एकाच ओळीत दिलेलं असणार, म्हणून त्यांनी बाजूला लिहिलं. ‘ह. अर्धी’ म्हणजे हळद अर्धी. माहेरच्या प्रमाणाची हळद तुमच्या घरी जास्त वाटत असेल. तुम्ही कधी बोलला असाल.

एकट्याच्या प्रमाणाबद्दल. पुस्तकातले सगळेच पदार्थ लहान होत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आठानं भागत बसू नका. काही मुळातच एकट्याचे असतात. सुक्या सुंगटाची (कोलंबीची) किस्मूर करून बघा: मूठभर सुंगटं डोकं-पाय मोडून कोरड्या तव्यावर खरपूस भाजा, थंड झाली की हातानं जरा चुरडा, दोन चमचे सोय, अर्धा कांदा बारीक चिरून, लाल तिखट, मीठ, चिंचेचा कोळ चमचाभर, वर खोबरेल. हातानंच कालवा आणि लगेच जेवायला बसा, नाहीतर सुंगटं मऊ पडतात. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर एवढं पुरतं.

हुमण मात्र दोन दिवसांचं करा. दोन बांगडे, पाऊण वाटी सोय. पहिल्या दिवशी एक खा. उरलेलं गार झालं की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मातीच्या बुडकुल्यात, नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर आटवत ठेवा. हलवू नका. कडेनं बुडबुडे जड यायला लागतात, रंग विटकरी होतो, तळाला धरू लागतं आणि तेल वर येतं. हीच कालची कोडी. आमच्याकडे ती मुद्दाम उरावी म्हणून हुमण जास्त करतात. पेजेत कालवून खा. एकट्या माणसाला आदल्या दिवशीचं खावं लागतं असं इथे वाटत नाही, कारण पाच माणसांच्या घरातही सकाळी तिच्यासाठी भांडणं होतात.

वाटण करायचंच तर एका नारळाचं करून घ्या आणि बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. तोंडाकाला तीन खडे, हुमणाला चार. जुन्या पुस्तकाला हे माहीत नव्हतं, पण त्याची हरकत नसावी.

राहिली तिसरी खूण. ‘शे. 3’ वाचून मला आधी शेवग्याच्या शेंगा तीन असं वाटलं. पण तुम्ही उतरवलेल्या यादीत तूरडाळ, सुरण, मुळा, कणंग, भोपळा, कच्ची केळी, मक्याची कणसं यांच्याबरोबर शेंगा चार अशा आधीच आहेत, आणि त्या खोडलेल्या नाहीत. शिवाय खतखतं हा एका घरापुरता करण्याचा पदार्थच नाही. पाच-सात भाज्यांचा एकेक तुकडा घातला तरी पातेलं भरतं. चवथीत ते थोडं थोडं घरोघर जातं. मला वाटतं हे शेजारी, तीन घरं.

नक्की तुम्हीच शोधू शकाल. पलीकडच्या घरात विचारून पाहा, चवथीच्या दिवसांत तुमच्याकडून खतखत्याचा डबा यायचा का, आणि आणखी कुठल्या दोन घरी जायचा. यायचा म्हणाले, तर त्या पानावरचं प्रमाण कमी करू नका. येत्या चवथीला दहा माणसांचंच करा. तिरफळां आदल्या दिवशी उघडून ठेवा, बी काढायला वेळ लागतो.